आधी सही, मग पहार

पोरी, परवा फोनवर तू घाईत विचारलंस, "मामा, छोट्या सेंद्रिय शेतीला इथलं सरकार किती पैसे देतं?" मी तेव्हा रानात मेपलच्या नळ्या ताणत होतो, म्हणून नुसतं "सांगतो" म्हणालो. आता निवांत बसून लिहितो. अडतीस एकर घेतलेत तुम्ही. तीस एकर रान, सहा एकर सपाट, बाकी घर-अंगण आणि एक पडकं गुऱ्हाळघर. व्हरमाँटात शेतीला सुरुवात करायला एवढं पुष्कळ झालं. पण 'किती' हा प्रश्न नंतरचा, आधी 'कधी' ते समजून घे. अनुदानात माणूस फसतो तो रकमेत नाही, वेळेत फसतो. मी फसलोय, तेच पहिल्यांदा सांगतो.

आम्ही हाय टनेलसाठी अर्ज केला होता. आपल्याकडच्या पॉलिहाऊससारखंच ते, लोखंडी कमानींवर प्लास्टिक, आत थेट जमिनीत पीक. यादीत आपलं नाव वर आहे असं तोंडी कळलं होतं. सप्टेंबर सरत आला होता आणि जमीन गोठायच्या आत खांब रोवावेत, असं मला वाटलं. एका शनिवारी मामी आणि मी घण-पहार घेऊन लागलो. दर चार फुटांवर एक नळी, दोन्ही बाजूंच्या मिळून सव्वीस. संध्याकाळी ओळंबा लावून बघितलं, सगळ्या सरळ. पुढच्या आठवड्यात पाहणीला माणूस आला. त्यानं गाडीच्या बॉनेटवर फाइल उघडली, खांबांकडं बघितलं आणि विचारलं, "हे कधी रोवले?" मी खरं सांगितलं. त्यानं फाइल मिटली. करारावर सही होण्याआधी काम सुरू झालं, की त्या कामाला पैसे नाहीत. त्याचं काही चुकलं नव्हतं, नियम अर्जातच छापलेला होता आणि मी तो वाचलाही होता. तोंडी शब्दावर विसंबलो, एवढंच. तो सगळा खर्च घरातून झाला आणि मामीनं दोन वर्षं जपून ठेवलेले ट्रॅक्टरचे पैसे त्यात गेले.

म्हणून पोरी, दोन्ही पक्षांच्या सह्या झालेला कागद हातात पडेपर्यंत पहार उचलायची नाही. सामानाची ऑर्डरसुद्धा विचारल्याशिवाय द्यायची नाही, कारण काही योजनांत अर्जाआधीचं बिल धरतच नाहीत. गावाकडं ठिबकची पूर्वसंमती येण्याआधी सामान आणलं की अनुदान जातं, हे तुझ्या आजोबांच्या तोंडून तू ऐकलं असशील. हेही तसंच आहे.

आता पहिलं दार कुठलं ते सांगतो. कृषी खात्याच्या सेवा केंद्रात जायचं आणि एफएसए, म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सीच्या टेबलावर 'फार्म नंबर' मागायचा. तो फुकट मिळतो. सातबारा नसलेला शेतकरी जसा कुठल्याच दप्तरात नसतो, तसं इथं फार्म नंबराशिवाय तुला कुणी ओळखत नाही. जमिनीचं खरेदीखत, ओळखपत्र, कराचा नंबर एवढं घेऊन जा. ते विमानातून काढलेल्या फोटोवर तुझ्या शेताच्या हद्दी आखतात. तिथं उभी राहून बघ आणि सपाट सहा एकरांबरोबर मेपलचं रानही त्यात धरलंय याची खात्री कर. पुष्कळ जण रान सांगायलाच विसरतात. मग एडी-१०२६ नावाचा अर्ज भरून द्यायचा, त्यात धूप होणारी जमीन आणि पाणथळ जागा मोडणार नाही असं लिहून द्यावं लागतं. उत्पन्नाच्या मर्यादेचा वेगळा कागद असतो. या दोन्हींविना पुढची फाइल हलत नाही.

इथं एक बारीक गोष्ट आहे. खरेदीखतावर तुम्हा दोघांची नावं असतील आणि अर्ज एकट्या जावईबापूंच्या नावानं गेला, तर तो अडतो. खरेदीखत, कराचा नंबर, बँकेचं खातं, सगळीकडं नाव एकसारखं हवं, एखाद्या आद्याक्षराचाही फरक नको. शेतीची कंपनी काढायची असेल, तर अर्जाच्या आधी काढा, मधेच नको. कंपनीला 'सॅम' या सरकारी नोंदवहीत नाव घालावं लागतं. ती नोंद फुकट असते. "आम्ही करून देतो, इतके डॉलर द्या" अशी पत्रं येतील, हुबेहूब सरकारी दिसणारी. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नको.

बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत दुसरं टेबल असतं, एनआरसीएसचं. माती-पाण्याचं जतन हे त्यांचं काम. त्यांची मोठी योजना आहे तिला सगळे 'इक्विप' म्हणतात. तिथं जाऊन "मला टनेल हवंय, पैसे द्या" असं म्हणू नको. ते खातं वस्तूला पैसे देत नाही, जमिनीच्या दुखण्यावर उपाय केला तर त्याला देतं. म्हणून आपलं दुखणं सांग. उतारावरची माती पावसात कुठून वाहते, रानातल्या वाटेवर चिखलात चाकं कुठं रुततात, ओढ्याकाठी पाणी कुठं तुंबतं. त्यांच्या माणसाला बांधाबांधानं फिरव. फिरताना त्याच्या वहीत जे उतरतं, त्यावरून पुढं गुण लागतात. तुला हवं असलेलं टनेल त्या दुखण्यांच्या यादीतूनच निघतं.

इक्विपचे पैसे तुझ्या बिलावर नसतात, ठरलेल्या दरानं असतात. टनेल असेल तर चौरस फुटाला इतके, कुंपण असेल तर फुटाला इतके. तू महागाचं घेतलंस म्हणून जास्त मिळत नाहीत. नवख्या शेतकऱ्याला, म्हणजे ज्याला शेती करायला लागून दहा वर्षांहून जास्त झाली नाहीत त्याला, दर चढा असतो. शिवाय निम्मी रक्कम आधी उचल म्हणून मागता येते. ती तुला मागावी लागेल, कुणी आपण होऊन हातावर ठेवणार नाही. उचल घेतली की ९० दिवसांत ती त्याच कामावर खर्च व्हायला हवी, नाहीतर परत करायची. म्हणून मिस्त्री, सामान, हवामान सगळं जुळलेलं असेल तेव्हाच उचल घे. अर्ज वर्षभर घेतात, पण निवड तुकड्यातुकड्यांनी होते. त्या तुकडीची शेवटची तारीख पहिल्याच भेटीत विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही.

आता सेंद्रियचं. या देशात सेंद्रियचा कायदा १९९० चा, आणि नियम प्रत्यक्ष लागू झाले २००२ मध्ये. व्हरमाँटातले शेतकरी त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्येच, नोफा नावाची संघटना काढून बसले होते. त्यांच्याच शाखेकडून आमचं प्रमाणपत्र आहे. जमिनीवर बंदी असलेलं काही पडून ३६ महिने व्हावे लागतात, तेव्हा पीक 'सेंद्रिय' म्हणून विकता येतं. तुमच्या सपाटीवर आधीचा मालक मका घेत होता, तेव्हा तिथं शेवटच्या फवारणीपासून तीन वर्षं थांबावंच लागेल. रानाचं मात्र वेगळं आहे. तिथं कुणी कधी फवारलं नसेल, तर आधीच्या मालकाकडून तसं सहीनिशी लिहून घे. हे आजच कर. म्हातारा आहे तो, आणि मुलाकडं फ्लोरिडाला जायचं म्हणतोय. तो गेला की तो एक कागद मिळवायला तुला वर्ष लागेल आणि त्या वर्षीचा मेपलचा पाक साध्या भावानं जाईल.

वर्षाची सेंद्रिय विक्री ५,००० डॉलरच्या आत असेल, तर प्रमाणपत्राशिवायही 'सेंद्रिय' म्हणता येतं. नियम सगळे पाळायचे, फक्त सरकारी शिक्का लावायचा नाही. सपाटीवरची ती तीन वर्षं सरल्यावर सुरुवातीला बाजारात टेबल मांडून भाजी विकणार असशील, तर तेवढं पुरे. उगाच फी भरू नको. पुढं प्रमाणपत्र घेतलंस, की त्याच्या फीमधले पैसे परत मिळतात, खर्चाच्या ७५ टक्के, पण एका गटाला जास्तीत जास्त ७५० डॉलर. म्हणजे फी १,२०० झाली तर ७५ टक्क्यांचे ९०० होतात, पण हातात ७५० च येतात. पीक हा एक गट, प्रक्रिया हा दुसरा. भाजी आणि पाक दोन्ही करणाऱ्यानं आपल्या प्रमाणपत्रावर कुठले गट छापलेत ते बघावं, कारण मर्यादा गटागणिक वेगळी असते. हिशेबाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. पावती त्यातच पडली पाहिजे. आणि हे पैसे येतीलच असं धरून चालू नको. २०२० मध्ये याच योजनेत ७५ टक्क्यांचे ५० आणि ७५० चे ५०० झाले होते, पुढं पुन्हा वाढले. फी भरायच्या आधी यंदाचा दर विचारायचा.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. पोरी, तू लहानपणी आजोळच्या गुऱ्हाळात काहिलीपाशी बसायचीस, आठवतं का? चुलवाणात चिपाडं ढकलायचे, काहील फेसानं वर चढली की गुळव्या तेलाचा थेंब टाकायचा आणि फेस मुकाट खाली बसायचा. इथंही नेमकं तेच आहे. शुगरहाऊस म्हणजे गुऱ्हाळच. रात्री पाणी गोठतं, दिवसा वितळतं, त्या फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत झाडाला भोक पाडून रस घ्यायचा आणि आटवायचा. फेस चढला की इथंही तेलाचाच थेंब. फक्त प्रमाणपत्र हवं असेल तर ते तेलसुद्धा सेंद्रिय लागतं आणि त्याची बाटली तपासनिसाला दाखवावी लागते. पहिल्या तपासणीत आमच्याकडं हेच विचारलं होतं. मामीनं बाटली आणि तिची पावती एकदमच पुढं ठेवली.

फरक आहे तो रसाच्या गोडीत. उसाचा रस मुळात गोड असतो, मेपलच्या रसात साखर दोन टक्क्यांच्या आसपास. इथले लोक ८६ ला त्या टक्क्यांनी भागतात. दोन टक्के असेल तर ४३ गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक. ४२ गॅलन पाण्याची नुसती वाफ करायची. सगळं लाकूड, तेल आणि झोप तिथं जाते. आधी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्रातून पाणी काढून रस आठ टक्क्यांवर आणला, तर चुलीवर अकरा गॅलनच्या आसपासच चढवावा लागतो. घरी पिण्याच्या पाण्याचं असतं तेच तत्त्व, फक्त इथं पाणी टाकून द्यायचं आणि उरलेलं ठेवायचं. मेपलवाल्याला अनुदान खरं उपयोगी पडतं ते इथं, कारण इंधन वाचवणाऱ्या कामांना सरकारची मदत मिळू शकते. ग्रामीण ऊर्जेची 'रीप' नावाची योजना आहे, आणि इक्विपमध्येही ऊर्जेचा भाग आहे. पण त्याआधी ऊर्जेचा लेखाजोखा लागतो, म्हणजे किती लाकूड, किती तेल, किती वीज, किती पाक. म्हणून पहिल्या हंगामापासून लिहून ठेव. ज्याच्याकडं जळणाचा हिशेब नाही, त्याला बचत दाखवता येत नाही.

रीपमध्ये एक अट आहे. एकूण उत्पन्नातला निम्मा तरी वाटा शेतीतून यायला हवा, तर शेतकरी म्हणून अर्ज. जावईबापूंची नोकरी चालू आहे तोवर तुमचं ते गणित बसणार नाही. मग ग्रामीण भागातला छोटा व्यवसाय म्हणून अर्ज करता येतो का, ते बघायचं. अनुदानाचा वाटा मुळात खर्चाच्या चौथ्या हिश्शापर्यंत होता, २०२२ च्या कायद्यानं तो काही काळ निम्म्यावर नेला होता. बाकीचे पैसे आपले. यंत्र विकणारा "निम्मं सरकार देतं" म्हणेल. त्याच्याकडून कोटेशन तेवढं घ्यावं, टक्केवारी कचेरीत विचारावी.

त्या पडक्या गुऱ्हाळघरातली जुनी काहील तू झाडून-पुसून ठेवलीस म्हणालीस. ती वापरू नको. जुन्या काहिलींचे सांधे शिशाच्या डाकाचे असतात, शिसं पाकात उतरतं. आठवण म्हणून भिंतीला लाव.

एसर नावाचीही एक योजना आहे, खास मेपलसाठी, २०१४ च्या शेती कायद्यातली. नाव ऐकून लोक तिच्यामागं लागतात. ती तुझ्यामाझ्यासाठी नाही. तिचे पैसे राज्यांना, आदिवासी जमातींच्या शासनांना, संशोधन संस्थांना जातात. आपल्यापर्यंत पोचतं ते त्यातून निघालेलं ज्ञान. अंडरहिलला व्हरमाँट विद्यापीठाचं प्रॉक्टर संशोधन केंद्र आहे. भोक किती खोल, नळी किती वर्षांनी बदलायची, हे तिथले लोक झाडं मोजून सांगतात. तिथं एक दिवस घालव. आणि क्युबेकच्या नातलगांनी त्यांच्याकडच्या कोट्याच्या आणि राखीव साठ्याच्या गोष्टी सांगितल्या, तर ऐकून घे, पण आपल्या वहीत लिहू नको. तिथं उत्पादकांची संघटना कोण किती विकणार ते ठरवते, इथं तसं काही नाही.

आता ज्याला कुणी अनुदान म्हणत नाही, पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, ते सांगतो. व्हरमाँटात 'करंट यूज' नावाची सवलत आहे, १९७८ पासूनची. जमिनीवरचा कर तिच्या बाजारभावावर न लावता ती ज्या वापरात आहे त्या वापराच्या किमतीवर लावतात. रान असेल तर पंचवीस एकर लागतं, घराभोवतीचे दोन एकर सोडून. तुमचं तीस आहे, बसतं. वनतज्ज्ञाकडून रानाचा आराखडा करून घ्यावा लागतो. तो करायला एनआरसीएसची मदत मिळू शकते. एकच आराखडा दोन्हीकडं चालेल असा करून घे, वनतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी हे सांग. अर्ज १ सप्टेंबरच्या आत. पण हा कर दरवर्षी वाचतो, तसा जमिनीवर बोजाही चढतो. पुढं रानात घर बांधायला तुकडा बाहेर काढलात, तर वेगळा कर भरावा लागतो. भावासाठी ओढ्याकाठी खोली बांधायची म्हणत होतीस ना? ती जागा आताच नकाशात बाहेर ठेव, आणि बाहेर ठेवल्यावर उरलेलं रान पंचवीसच्या खाली जात नाही ना, ते मोज.

पुराचं मी विसरू शकत नाही. २०२३ च्या जुलैत आणि पुन्हा २०२४ च्या जुलैत पाणी आलं. पुराचं पाणी लागलेली भाजी विकता येत नाही, हिरवीगार उभी असली तरी. दिसायला काकडी धडधाकट, आणि आपण ती मातीत गाडायची. ज्या पिकांना नेहमीचा विमा नाही त्यांच्यासाठी एफएसएची 'नॅप' योजना आहे. भाजी त्यात येते, मेपलचा रसही येतो. मूळ संरक्षण निम्म्या उत्पादनाला आणि बाजारभावाच्या ५५ टक्क्यांना आहे, थोडंच आहे, पण नवख्या शेतकऱ्याला त्याची फी माफ होते. सीसीसी-८६० हा कागद भरून द्यायचा. नाव मात्र हंगामाआधी, ठरलेल्या तारखेच्या आत घालायला हवं. पाणी शेतात आल्यावर धावून उपयोग नाही.

पैशाची चाल कशी असते, तेही ध्यानात ठेव. बहुतेक अनुदान काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर येतं. मधले महिने सामानवाल्याला, मजुराला तू देणार आहेस. त्यासाठी आधी सोय हवी. एफएसएचं छोटं कर्ज ५०,००० डॉलरपर्यंत मिळतं, त्याचा अर्जही अनुदानाच्या अर्जाबरोबरच विचारून ठेव. २०२५ च्या सुरुवातीला सह्या झालेल्या करारांचे पैसेसुद्धा कितीतरी शेतकऱ्यांचे अडकून राहिले होते. आमच्या ओळखीत एकानं त्या भरवशावर यंत्राचा हप्ता बांधला होता. त्याचे ते आठवडे कसे गेले, ते मी जवळून बघितलंय. येणाऱ्या अनुदानावर हप्ता बांधायचा नाही. आणि जे येतं ते उत्पन्न धरलं जातं. जानेवारीत १०९९-जी नावाचा कागद घरी येईल, तो करवाल्याला द्यायचा. आलेल्या रकमेतली थोडी बाजूला काढून ठेव, मग एप्रिल जड जात नाही.

कुठलं अनुदान नाकारायचं, हेही सांगतो. राज्याचं 'वर्किंग लँड्स' म्हणून एक अनुदान आहे, २०१२ पासूनचं, चांगलं आहे. आम्ही एकदा अर्ज लिहायला घेतला. लिहिता लिहिता नऊशे भोकांची तीन हजार झाली, दोन माणसं कामावर आली, बाटल्या भरायचं यंत्र आलं. मामी रात्री अर्ज वाचून म्हणाली, "हे शेत कुणाचं आहे? आपलं तर नाही." आम्ही तो अर्ज पाठवला नाही. मला आजही ते बरोबर वाटतं. आपल्याला जे करायचंच होतं त्याला सरकारचा हात लागला तर घ्यावा.

मामीची निळी फाइल तुला देतोय. पावत्या महिन्यांप्रमाणे, कामाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो, मागं तारीख. बियाण्याची पाकिटंसुद्धा तिनं ठेवलीत, कारण तपासनीस विचारतो. ती गेल्यापासून मी नीट लावलेली नाही, शेवटचे दोन हंगाम सुटे आहेत. ते तू लाव, लावता लावता तुला सगळं कळेल.

मंगळवारी सकाळी ये. खरेदीखत, दोघांची ओळखपत्रं, बँकेचा कोरा चेक आणि म्हाताऱ्यानं सही केलेला तो कागद बरोबर आण. आपण दोघं कचेरीत जाऊ. मी बोलणार नाही, तूच बोल, मी शेजारी बसेन. परतताना रानातली वरच्या बाजूची झाडं बघू. त्यातल्या दोन-तीन झाडांचे शेंडे वाळल्यासारखे वाटतात, त्यांना यंदा भोक पाडू नये असं माझं मत आहे, पण जवळून बघून ठरवू.